चार्ज वेगळा, दम वेगळा: तीन लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या तपासणीच्या नोंदी

3 फेब्रुवारी

प्रकल्पाचा हेतू मर्यादित आहे. वापरातून काढून ठेवलेल्या तीन लेड-ॲसिड बॅटऱ्यांपैकी कोणती पुन्हा कामाला लावता येईल आणि कोणती भंगारात द्यावी लागेल, हे अंदाजाने नव्हे तर मोजमापाने ठरवायचे आहे. क्रमांक 1 ही मोटारीतील बॅटरी असून तिच्यावर 12 व्होल्ट, 60 अँपिअर-तास आणि थंडीत इंजिन फिरवण्याची क्षमता 500 अँपिअर असे छापलेले आहे. क्रमांक 2 ही इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी आहे. ती 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांची असून हे माप 20 तासांच्या दराने, म्हणजे 20 तासांत रिकामी होईल इतक्या प्रवाहाला धरून, दिलेले आहे. क्रमांक 3 ही यूपीएसमधील 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची सीलबंद बॅटरी आहे. पहिल्या दोन्हींची बुचे उघडता येतात, तिसरीची येत नाहीत आणि ती उघडायचीही नाहीत.

तपासणीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. बॅटरीत या क्षणी किती चार्ज आहे, हा पहिला. आणि ती पूर्ण भरल्यावर किती साठवू शकते व मागणी येताच किती प्रवाह देऊ शकते, म्हणजे गॅरेजच्या बोलीत तिच्यात दम किती उरला आहे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर काही मिनिटांत मिळते. दुसऱ्यासाठी बॅटरी आधी भरावी लागते, विसावू द्यावी लागते आणि मग तिच्याकडून काम करून घ्यावे लागते. उतरलेली बॅटरी लोडखाली कोसळली म्हणून ती खराब ठरवणे हा तिच्यावर अन्याय आहे, आणि केवळ 12.6 व्होल्ट दिसले म्हणून तिला चांगली म्हणणे ही स्वतःची फसवणूक आहे.

कामाची जागा खिडक्या असलेली, हवा खेळती राहील अशी निवडली आहे. चार्जिंगच्या अखेरीस पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडतात आणि हवेत आकारमानाने 4 ते 75 टक्के हायड्रोजन असला की ते मिश्रण एका ठिणगीने पेटते. हायड्रोजन हलका असल्याने वर चढतो, म्हणून बॅटरीच्या थेट वर कोणतेही स्विच, होल्डर किंवा शेल्फ नाही याची खात्री केली. आम्लासाठी बाजूने बंद असलेला गॉगल, रबरी हातमोजे, जाड एप्रन, खायच्या सोड्याचे पाणी आणि हाताशी भरपूर स्वच्छ पाणी ठेवले आहे. आम्ल डोळ्यांत गेल्यास किमान 15 मिनिटे पाण्याने डोळे धुऊन तडक डॉक्टरकडे जायचे. डोळ्यांत सोडा घालायचा नाही, तो फरशी आणि टेबलासाठी आहे. अंगठी, कडे आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवले, कारण दोन टोकांमध्ये धातू अडकल्यास बॅटरी क्षणात शेकडो, प्रसंगी हजारो अँपिअर सोडते आणि अंगठी बोटावरच लाल होते. पान्याची मूठ इन्सुलेशन टेपने गुंडाळून घेतली.

4 फेब्रुवारी

आज केवळ बाह्य तपासणी केली. तिन्हींच्या कवचाला तडा नाही, फुगवटा नाही. फुगलेली किंवा तडकलेली बॅटरी पुढच्या कोणत्याही चाचणीला घ्यायची नाही, हा नियम आधीच लिहून ठेवला होता. क्रमांक 1 च्या धन टोकावर पांढुरक्या-हिरव्या क्षारांचा थर जमला आहे आणि तिचे झाकण ओलसर, धुळीने माखलेले आहे.

या झाकणावर मल्टिमीटरने एक मोजणी केली. एक टोक ऋण खांबावर ठेवून दुसरे प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावरून हळूहळू सरकवत नेले, तेव्हा मीटरवर 0.8 पासून 3.2 व्होल्टपर्यंत आकडे दिसले. प्लॅस्टिकवर व्होल्टेज दिसायचे काही कारण नाही. धूळ आणि आम्लाच्या ओलसर थरातून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बारीक प्रवाह वाहतो आहे, आणि काहीही न जोडता पडून असलेली बॅटरी उतरत जाण्याचे हे एक कारण आहे. बुचे घट्ट बसवून, सोड्याच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने झाकण आणि टोके पुसली. फेस येणे थांबेपर्यंत हे चालू ठेवले आणि नंतर साध्या पाण्याने पुसून घेतले. सोड्याचे पाणी बुचांतून आत गेले तर ते आतल्या आम्लाचाच नाश करते. फडके ओले ठेवण्याला आणखी एक कारण आहे: कोरड्या फडक्याने प्लॅस्टिक घासल्यास स्थिर विद्युत निर्माण होऊ शकते. पुसल्यानंतर तीच मोजणी शून्याच्या जवळ आली.

मल्टिमीटरबाबत एक नोंद आवश्यक आहे. त्याची लाल वायर व्होल्टच्या भोकात आहे ना, हे दर वेळी पाहायचे. ती 10 अँपिअरच्या भोकात राहिली आणि टोके बॅटरीला लावली, तर मीटर म्हणजे जवळजवळ सरळ तारच होते. आतला फ्यूज चांगल्या प्रतीचा नसेल तर मीटर हातात फुटू शकतो.

5 फेब्रुवारी

तिन्ही बॅटऱ्या कित्येक दिवस कशालाही जोडलेल्या नसल्याने आज विसावलेल्या अवस्थेतील व्होल्टेज घेतले. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीवर पृष्ठभागी चार्ज असतो आणि तो आकडा काही दशांशांनी फुगवतो; त्यामुळे मोजणीपूर्वी काही तासांची, शक्य असल्यास रात्रभराची विश्रांती द्यावी लागते. घाई असेल तर गाडीचे हेडलाइट काही मिनिटे लावून हा चार्ज उतरवतात, मात्र दिवे बंद करून पुन्हा थोडे थांबावे लागते.

क्रमांक 1 वर 12.31, क्रमांक 2 वर 11.95 आणि क्रमांक 3 वर 12.58 व्होल्ट मिळाले. मोटारीच्या द्रवरूप आम्लाच्या बॅटरीसाठी ढोबळ प्रमाण असे आहे: 12.6 ते 12.7 म्हणजे पूर्ण, 12.4 म्हणजे तीन चतुर्थांश, 12.2 म्हणजे निम्मी, 12.0 म्हणजे एक चतुर्थांश आणि 11.8 च्या आसपास रिकामी. पूर्ण आणि रिकामी यांत जेमतेम एका व्होल्टचे अंतर असल्याने दोन दशांश स्थाने दाखवणारा मीटर लागतो. सुई असलेल्या स्वस्त मीटरवर या चाचणीला फारसा अर्थ उरत नाही.

काही ठिकाणी दोन टोकांमध्ये तार टेकवून ठिणगी किती मोठी पडते यावरून बॅटरीची परीक्षा केली जाते. निम्म्या चार्जची बॅटरी आणि भरलेली बॅटरी यांच्या ठिणगीत डोळ्यांना फरक दिसत नाही, आणि बुचांच्या वर हायड्रोजन साचला असेल तर ती परीक्षा शेवटची ठरते. ज्याने मोजमाप काहीच होत नाही आणि धोका मात्र पुरेपूर आहे, अशा पद्धतीला चाचणी म्हणणेच मला मान्य नाही.

6 फेब्रुवारी

आजचा दिवस हायड्रोमीटरचा, म्हणजे द्रवाची घनता मोजणाऱ्या नळीचा. या चाचणीला तोड नाही, कारण मल्टिमीटर बॅटरीतील सहा घटांची (सेलांची) एकत्र बेरीज दाखवतो तर हायड्रोमीटर प्रत्येक घटाची स्वतंत्र साक्ष घेतो. बॅटरी उतरताना दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर लेड सल्फेट तयार होते, आम्ल खर्ची पडते आणि पाणी तयार होते. त्यामुळे द्रव हलका होत जातो. चार्ज करताना हीच क्रिया उलटते. म्हणजे द्रवाची विशिष्ट घनता, जिला कारागीर नुसते ग्रॅव्हिटी म्हणतात, ती चार्जचे सरळ माप ठरते.

घेण्याची रीत काळजीची आहे. रबरी फुगा बुचाच्या भोकात नळी घालण्यापूर्वी दाबायचा, मग हळूहळू सोडायचा, म्हणजे हवेचे बुडबुडे येत नाहीत. द्रव दोन-तीनदा आत-बाहेर केल्याने तरंगकाचे, म्हणजे नळीत तरंगणाऱ्या आकडे छापलेल्या काचेच्या भागाचे, तापमान द्रवाइतके होते. तरंगक नळीच्या भिंतीला टेकलेला नसावा, वरच्या टोकाला अडकलेला नसावा, आणि आकडा डोळ्यांच्या पातळीवर, द्रवाच्या वक्र पृष्ठभागाच्या तळाशी वाचावा. नळी घटाच्या भोकातच ठेवून वाचन केले तर थेंब बाहेर सांडत नाही. द्रव ज्या घटातून घेतला त्याच घटात परत सोडायचा; एका घटाचे आम्ल दुसऱ्यात गेले की पुढची सगळी वाचने संशयास्पद होतात.

या हायड्रोमीटरवर 27 अंश सेल्सिअस हे संदर्भ तापमान छापलेले आहे. द्रव आज 34 अंश होता. दर अंशाला सुमारे 0.0007 या हिशेबाने 7 अंशांचे 0.005 वाचनात मिळवले. दुरुस्तीनंतर क्रमांक 1 चे पाच घट 1.220 च्या आसपास आले, पण धन टोकाकडून मोजलेला चौथा घट 1.170 वर होता. घटाघटांत 0.050 चा फरक म्हणजे दोषाची खूण मानली जाते. तरी उतरलेल्या अवस्थेत निकाल द्यायचा नाही, म्हणून निर्णय राखून ठेवला. एक पडताळा मात्र केला. एका घटाचे विसावलेले व्होल्टेज साधारणपणे ग्रॅव्हिटी अधिक 0.84 इतके असते. पाच घट 2.06 चे आणि एक 2.01 चा धरला तर बेरीज 12.31 येते, म्हणजे काल मीटरने दाखवले तेच. दोन वेगळ्या उपकरणांची साक्ष जुळली की मोजणीवर भरवसा ठेवता येतो.

क्रमांक 2 चे सहाही घट 1.145 ते 1.155 या पट्ट्यात आहेत. ही बॅटरी खोल उतरलेली आहे, पण एकसारखी उतरलेली आहे, आणि हे शुभलक्षण आहे. तिच्या दोन घटांत द्रवाची पातळी कमी होती, परंतु प्लेटा उघड्या पडलेल्या नव्हत्या. त्यामुळे पाणी आज घातले नाही. चार्ज होताना पातळी वर येते आणि आधीच भरलेले पाणी बुचांतून बाहेर सांडते. ग्रॅव्हिटी कमी आहे म्हणून वरून आम्ल ओतण्याचा प्रकार सर्रास चालतो. आम्ल कुठे गेलेले नसते, ते प्लेटांवर सल्फेटच्या रूपाने बसलेले असते. वरून घातलेले जास्तीचे आम्ल हायड्रोमीटरला तेवढे फसवते आणि प्लेटांची झीज वाढवते.

7 फेब्रुवारी

चार्जिंग सुरू केले. क्रमांक 1 ला 6 अँपिअर आणि क्रमांक 2 ला 15 अँपिअर, म्हणजे क्षमतेच्या सुमारे एक दशांश, असा प्रवाह दिला. दोन्हींसाठी मर्यादा 14.4 व्होल्ट ठेवली. क्रमांक 3 ला 13.8 व्होल्टची स्थिर मर्यादा दिली. क्लिपा आधी बॅटरीला जोडायच्या आणि मग चार्जरचा स्विच चालू करायचा. काढताना आधी स्विच बंद, मग क्लिपा. हा क्रम पाळला की ठिणगी बॅटरीजवळ पडत नाही.

10 फेब्रुवारी

चार्ज पूर्ण करून बॅटऱ्यांना विश्रांती दिली होती. क्रमांक 1 वर आज 12.58 व्होल्ट आहेत. एवढ्या आकड्यावर तिला कोणीही उत्तीर्ण केले असते. हायड्रोमीटर मात्र वेगळे सांगतो: पाच घट 1.265, चौथा 1.195. एका घटाची ग्रॅव्हिटी एवढी खाली असूनही एकूण व्होल्टेजमध्ये केवळ 0.07 व्होल्टची घट होते, आणि ती विश्रांतीच्या वेळेतील फरकात सहज लपून जाते. या बॅटरीला आणखी काही तास 3 अँपिअरने चार्ज केले. चार्जर बंद करून पाहिले तेव्हा चौथा घट वर आलेला नव्हता; इन्फ्रारेड तापमापीने त्याची बाजू शेजाऱ्यांपेक्षा 6 अंशांनी अधिक गरम आढळली. चार्ज घेत नाही पण तापतो, याचा अर्थ त्या घटात प्लेटांमधील विभाजक फाटल्याने किंवा तळाशी साचलेल्या गाळामुळे आतल्या आत शॉर्ट आहे.

क्रमांक 2 मध्ये उलटी विसंगती दिसली. व्होल्टेज 12.56, पण ग्रॅव्हिटी सर्व घटांत 1.205 च्या आसपास. चार्ज होताना तयार होणारे दाट आम्ल जड असल्याने तळाशी बसते आणि हायड्रोमीटरची नळी वरचा पातळ थर तेवढा ओढते. उंच घटांच्या, स्थिर जागी वापरल्या जाणाऱ्या बॅटरीत हे थर विशेष जाणवतात. गाडीतल्या बॅटरीतील द्रव हादऱ्यांनी काही प्रमाणात ढवळला जातो. अशा वेळी ग्रॅव्हिटी कमी आणि व्होल्टेज अधिक दिसते, आणि फक्त हायड्रोमीटर हाती असलेला माणूस या बॅटरीला सल्फेट झालेली ठरवून मोकळा होईल.

11 फेब्रुवारी

क्रमांक 2 ला 5 अँपिअरचा मंद, समतोल साधणारा चार्ज दिला. डिस्टिल्ड वॉटरने पातळी खुणेपर्यंत आणून नंतरच हे केले, म्हणजे उठणाऱ्या बुडबुड्यांनी पाणीही मिसळले जाते. व्होल्टेज या काळात 15.5 च्या वर गेले, त्यामुळे बॅटरी इन्व्हर्टरपासून सुटी असणे आवश्यक होते. द्रवाचे तापमान 50 अंशांपर्यंत पोहोचल्यास थांबायचे ठरवले होते. ते 43 च्या पुढे गेले नाही. लागोपाठच्या तासांची वाचने स्थिर झाल्यावर चार्जर बंद केला. सर्व घट 1.235 ते 1.240 वर आले. या बनावटीच्या बॅटरीवर पूर्ण चार्जची ग्रॅव्हिटी 1.240 छापलेली आहे. मोटारीच्या बॅटरीचे 1.265 हे माप तिला लावणे चूक ठरेल.

13 फेब्रुवारी

क्रमांक 1 ची लोड चाचणी. या चाचणीसाठी बॅटरी किमान तीन चतुर्थांश भरलेली हवी. ती अट पुरी होते. आज तिचा चौथा घट 1.170 वर घसरला आहे आणि बाकीचे जागीच आहेत, म्हणजे निदान पक्के होत आहे. प्रचलित कसोटी अशी की, थंडीत इंजिन फिरवण्याच्या छापील क्षमतेच्या निम्मा प्रवाह 15 सेकंद घ्यायचा आणि सुमारे 21 अंश किंवा अधिक तापमानात व्होल्टेज 9.6 च्या खाली जाता कामा नये.

कार्बनच्या चकत्यांचा लोड टेस्टर वापरला. खोलीत हवा खेळवून, बुचे बसवून, त्यांवर ओले फडके अंथरले आणि चेहरा बॅटरीच्या बाजूला ठेवला, वर नाही. टेस्टरची मूठ पूर्ण सैल असतानाच क्लिपा लावल्या. मल्टिमीटरची टोके क्लिपांवर न ठेवता थेट शिशाच्या खांबांवर धरली, कारण 250 अँपिअरला क्लिपेच्या जोडातच काही दशांश व्होल्ट गळतात आणि तो दोष विनाकारण बॅटरीच्या माथी येतो. मूठ फिरवून 250 अँपिअर आणले. आकडा आधी 9.9 वर क्षणभर टेकला, मग थांबत थांबत नव्हे तर एकसारखा खाली उतरत पंधराव्या सेकंदाला 8.7 वर आला. निरोगी बॅटरीत सुरुवातीची पडझड झाल्यावर आकडा बराचसा स्थिरावतो. क्रमांक 1 बाद.

14 फेब्रुवारी

क्रमांक 3 चे विसावलेले व्होल्टेज 12.96, म्हणजे तिघींत सर्वाधिक. सीलबंद बॅटरीतले पाणी वर्षानुवर्षे उडून गेले की उरलेले आम्ल अधिक दाट होते आणि व्होल्टेज चढते दिसते, तेव्हा हा आकडा दिलासा देणारा मानला नाही. तिला 21 वॉटचा मोटारीचा दिवा जोडला. प्रवाह 1.7 अँपिअर आणि पाच सेकंदांत व्होल्टेज 11.62. फरक 1.34 व्होल्ट, त्याला 1.7 ने भागले की अंतर्गत रोध सुमारे 0.79 ओहम येतो. या आकाराच्या नव्या बॅटरीचा रोध सहसा 20 ते 30 मिलिओहम असतो. दिवा काही मिनिटांतच पिवळा पडला. तीही बाद.

17 फेब्रुवारी

क्रमांक 2 ची क्षमता चाचणी. ही सर्वांत वेळखाऊ आणि सर्वांत प्रामाणिक चाचणी आहे. 150 भागिले 20, म्हणजे 7.5 अँपिअरचा अखंड प्रवाह घेऊन व्होल्टेज 10.5 ला, अर्थात घटामागे 1.75 ला, पोहोचेपर्यंतचा वेळ मोजायचा. प्रवाह वाढवून चाचणी लवकर उरकता येत नाही. जास्त दराने तीच बॅटरी कमी अँपिअर-तास देते, त्यामुळे छापील मापाशी तुलना छापील दरानेच करावी लागते. सरकत्या ऱ्होस्टॅटचा, म्हणजे कमी-जास्त करता येणाऱ्या रोधाचा, भार घेतला, कारण व्होल्टेज उतरले की प्रवाहही घटतो आणि तो पुन्हा 7.5 वर आणावा लागतो: सुरुवातीला सुमारे 1.65 ओहम, शेवटी 1.4. ऱ्होस्टॅट सुमारे 90 वॉट उष्णता टाकत असल्याने तो बॅटरीपासून दूर, फरशीच्या तुकड्यावर ठेवला.

सकाळी 6 वाजता सुरुवात केली. दुपारपर्यंत व्होल्टेज अगदी मंद गतीने उतरत होते. सायंकाळनंतर दर अर्ध्या तासाने, आणि 11 व्होल्टच्या खाली गेल्यावर दर पाच मिनिटांनी नोंद घेतली, कारण शेवटचा उतार तीव्र असतो. रात्री 11 वाजून 20 मिनिटांनी 10.5 व्होल्ट झाले आणि भार काढला. 17 तास 20 मिनिटे गुणिले 7.5 म्हणजे 130 अँपिअर-तास. छापील क्षमतेच्या सुमारे 87 टक्के. स्थिर वापराच्या बॅटऱ्यांसाठी 80 टक्के ही बदलण्याची प्रचलित मर्यादा आहे. चाचणी संपताच चार्जिंग सुरू केले, कारण रिकामी ठेवलेल्या बॅटरीतील सल्फेटचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात व नंतर ते विरघळत नाहीत.

10 मार्च

क्रमांक 2 पूर्ण चार्ज करून बाजूला ठेवली होती. आज व्होल्टेज 12.45 आणि सर्व घट 1.235 च्या आसपास, एकमेकांपासून 0.005 च्या आत. स्वतःहून उतरण्याचा वेग सर्वसाधारण आहे आणि कोणताही घट मागे पडलेला नाही, म्हणून ती वापरात घेतली. आजची ग्रॅव्हिटी, तापमान आणि 87 टक्क्यांचा आकडा तिच्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर लिहिला आहे. क्रमांक 1 आणि 3 आम्लासकट, उभ्या अवस्थेत, टोकांवर टेप लावून अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी दिल्या. आम्ल ओतून वजन हलके करून मागणाऱ्यास नकार दिला.